लाल तार कुठे जोडायची? जुन्या अँबॅसेडरमध्ये किल्लीचा करंट शोधताना

जुन्या गाडीतले ठिणगीचे पॉइंट काढून त्यांच्या जागी बसवायच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या किटसोबत येणाऱ्या पत्रकात एक वाक्य हमखास असते: काळी तार कॉईलच्या ऋण टोकाला जोडा आणि लाल तार किल्ली चालू केल्यावर मिळणाऱ्या १२ व्होल्टला जोडा. या वाक्याचा पहिला भाग कोणालाही कळतो. दुसऱ्या भागात मात्र पत्रक लिहिणाऱ्याने सगळे अवघड काम गाडीच्या मालकावर सोपवलेले असते, कारण जुन्या गाडीत किल्ली फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या तारा अनेक असतात आणि त्यांतल्या बहुतेक या कामाच्या नसतात. माझ्या १९७७ सालच्या मार्क ३ अँबॅसेडरमध्ये हे किट बसवताना डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे आपल्याकडच्या डेल्कोच्या, आतले काम अगदीच किरकोळ ठरले. खरा वेळ गेला तो या एका लाल तारेसाठी भरवशाची जागा शोधण्यात, आणि म्हणून हा लेख त्या तारेपुरताच आहे.

पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या व्यवस्थेला हा प्रश्न पडत नाही. तिथे बॅटरीचा करंट किल्लीतून कॉईलच्या धन टोकाला येतो, प्राथमिक वेटोळ्यातून फिरून ऋण टोकाने बाहेर पडतो आणि डेल्कोतल्या पॉइंटमधून इंजिनच्या अंगाला, म्हणजे अर्थला मिळतो. पॉइंट उघडले की तो करंट तुटतो, कॉईलमधले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात ठिणगी पाडण्याइतका दाब तयार होतो. पॉइंट हा निव्वळ यांत्रिक स्विच असल्यामुळे त्याला स्वतःला वीज लागत नाही. व्होल्टेज नऊवर उतरले तरी तो उघडतो आणि मिटतो, फक्त ठिणगी दुबळी पडते. किटमधल्या मॉड्यूलचे, म्हणजे पॉइंटच्या जागी बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचे, तसे नाही. रोटरखाली बसवलेल्या कड्यातले चुंबक समोरून गेले की मॉड्यूलमधला हॉल सेन्सर ते ओळखतो आणि ट्रान्झिस्टर कॉईलचा करंट तोडतो, पण हे सारे घडण्यासाठी त्या छोट्याशा मंडलाला स्वतःचा सलग पुरवठा मिळावा लागतो. पुरवठा ठरलेल्या किमान पातळीच्या खाली गेला, तर ठिणगी दुबळी होण्यावर भागत नाही. ती पडतच नाही, किंवा भलत्याच वेळी पडते.

म्हणून लाल तारेसाठी निवडलेली जागा तीन प्रसंगी तपासावी लागते. किल्ली बंद असताना तिथे शून्य व्होल्ट असले पाहिजेत. किल्ली चालू असताना, आणि प्रत्यक्ष करंट वाहत असताना, तिथले व्होल्टेज बॅटरीच्या जवळपास असले पाहिजे. आणि सेल्फ मारताना, म्हणजे स्टार्टर बॅटरीला अक्षरशः ओरबाडत असताना, ते क्षणभरही खंडित होता कामा नये. पहिली कसोटी सगळेच घेतात, दुसरी अर्धवट घेतली जाते आणि तिसरीची आठवण गाडी सुरू होईनाशी झाल्यावर येते.

सोलापुरात राहणाऱ्याने खरे तर फियाट बाळगायला हवी. प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन करणारे वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले, आणि त्यांच्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे पद्मिनी बाहेर पडल्या. आमच्या घरात मात्र उत्तरपाड्याची अँबॅसेडर आली, आणि या कामापुरता तो फायदाच ठरला. अँबॅसेडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी मालिकेचे, आणि तिची वायरिंगही लुकास कंपनीच्या ब्रिटिश रंगपद्धतीने बांधलेली. ही रंगपद्धत एकदा डोक्यात बसली की निम्मे काम बॉनेट उघडून नुसते पाहण्यानेच होते. तपकिरी तार म्हणजे बॅटरीकडून थेट आलेला, किल्लीशी संबंध नसलेला करंट. पांढरी तार म्हणजे किल्लीतून बाहेर पडलेला, पण फ्यूजमधून न गेलेला करंट, आणि कॉईलकडे जाते ती हीच. हिरवी तार म्हणजे तोच करंट फ्यूज ओलांडल्यानंतरचा. त्यावर वायपर, पेट्रोलचा काटा, ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर चालतात. जांभळी म्हणजे फ्यूजमधून गेलेला पण किल्लीविना मिळणारा, आणि काळी म्हणजे अर्थ. फ्यूजच्या पेटीवर ए१, ए२, ए३ आणि ए४ अशी अक्षरे कोरलेली असतात. ए३ला पांढरी तार येते, ए४मधून हिरव्या तारा निघतात.

एवढे असूनही रंगावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण या वयाच्या गाडीत कारखान्याची वायरिंग जितकी असते तितकीच नंतरच्या दुरुस्त्यांचीही असते. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डखाली घरगुती वायरिंगची लाल आणि पिवळी तार सढळ हाताने वापरलेली होती, आणि एका ठिकाणी पांढरी तार मध्येच लाल होऊन पुढे पुन्हा पांढरी झाली होती. त्याबद्दल मला त्या अज्ञात कारागिरांचा राग नाही. नाक्यावर अडकलेल्या गाडीसाठी हाताशी जी तार असेल तीच वापरली जाते. पण अशा गाडीत रंगाने फक्त दिशा दाखवावी आणि निर्णय मीटरने द्यावा.

तारांना हात लावण्यापूर्वी बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या अंगाला जोडले आहे, ते मात्र पाहूनच घ्यावे. मॉरिस ऑक्सफर्डच्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक अर्थ करण्याची पद्धत होती, आणि जुन्या गाड्यांपैकी काही आजही तशाच आहेत, काही वाटेत उलटवल्या गेल्या आहेत. पॉइंटला हे उलटसुलट चालते. मॉड्यूल उलट जोडले की साधारणतः त्याच क्षणी जळते. आमच्या गाडीत ऋण टोक अर्थ आहे. जुन्या कॉईलवर धन-ऋण खुणांऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी ही अक्षरे असतात. एसडब्ल्यूकडे किल्लीची पांढरी तार येते आणि सीबीकडून डेल्कोला जाते.

आता उमेदवार तारांकडे वळू. सर्वांत मोहात पाडणारी जागा म्हणजे फ्यूज पेटीचे ए४ टोक. ते हाताशी आहे, किल्लीने चालू-बंद होते, फ्यूजचे संरक्षण आयते मिळते, आणि बहुतेक वायरमन कोणतीही नवी वस्तू तिथूनच चालवतात. इग्निशनसाठी मी ती जागा नाकारली, आणि कारण अगदी साधे आहे. डिकीतून मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या हिरव्या तारेचे आवरण पत्र्याच्या कडेला घासून फाटले आणि ब्रेक दाबताच तिथे शॉर्ट झाला, तर ए४चा फ्यूज उडतो. मूळ रचनेत अशा वेळी ब्रेकचा दिवा, वायपर आणि काटे बंद पडतील, पण इंजिन चालू राहील. लाल तार ए४वर असली तर तुळजापूरच्या घाटात ब्रेक दाबण्याचा आणि इंजिन बंद पडण्याचा क्षण एकच असेल. कारखान्याने इग्निशनची पांढरी तार फ्यूजच्या अलीकडेच ठेवली, तो कंजूषपणा नव्हता. दुसऱ्या एखाद्या उपकरणाच्या दोषाने इंजिन बंद पडू नये, हा त्यामागचा विचार होता.

दुसरा उमेदवार म्हणजे रेडिओची तार. मूळ स्विच काढून किल्लीनेच स्टार्टर फिरवणारा, चार टोकांचा स्विच आमच्या गाडीत पूर्वीच बसवलेला होता, आणि त्याच्या ॲक्सेसरीच्या टोकावर रेडिओ जोडलेला होता. या टोकावर किल्ली बंद असताना शून्य आणि चालू असताना पूर्ण व्होल्टेज मिळते, त्यामुळे पहिल्या दोन्ही कसोट्या ते आरामात उत्तीर्ण होते. पण सेल्फ मारताना अशा स्विचमध्ये ॲक्सेसरीचा पुरवठा मुद्दाम तोडला जातो, म्हणजे बॅटरीची सगळी ताकद स्टार्टरला मिळावी. तिथे मॉड्यूल जोडले तर स्टार्टर कितीही फिरला तरी ठिणगी पडत नाही, आणि किल्ली सोडून ती मागे येताना, इंजिन अजून गतीत असताना, एखादाच फटका बसतो. किल्ली सोडताक्षणी इंजिन लागल्यासारखे वाटून विझणे, हे लक्षण दिसले की मॉड्यूलला दोष देण्याआधी ही तार तपासावी. वायपर आणि हीटरच्या तारांविषयी वेगळे लिहीत नाही. त्या हिरव्याच कुटुंबातल्या आहेत.

राहते ती कॉईलच्या धन टोकावर येणारी पांढरी तार, आणि बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे कॉईलला मिळणारे व्होल्टेज कमी करणारा रोध, नसलेल्या गाडीत लाल तारेची योग्य जागा तीच आहे. कॉईलला जे मिळते तेच मॉड्यूलला मिळते, दोघांचे जगणे-मरणे एकत्र होते, आणि नवी तार जेमतेम वीतभर लागते. प्रश्न एवढाच उरतो की त्या पांढऱ्या तारेत खरोखर काय येते आहे.

इथे मोजण्याच्या पद्धतीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक फसगत इथेच होते. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध साधारणतः १० मेगाओहम असतो, म्हणजे तो तारेतून नगण्य करंट घेतो. करंटच वाहत नसेल, तर गंजलेल्या जोडात व्होल्टेज घटणार कसे? त्यामुळे तारेचा एकच केस शिल्लक असला, किंवा स्विचच्या पत्र्यांवर काजळी चढली असली, तरी मीटर निर्विकारपणे १२.५ दाखवतो. सात रस्त्याजवळ वर्षानुवर्षे गाड्यांची वायरिंग करणाऱ्या एका काकांना मी माझे आकडे दाखवले, तेव्हा त्यांनी मीटरकडे नीट पाहिलेदेखील नाही. “मालक, मीटर खोटं बोलतंय की. बल्ब लावा, बल्ब,” असे म्हणून त्यांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन तारांसह पुढे केला. मीटर खोटे बोलत नाही, त्याला प्रश्नच चुकीचा विचारला जातो. पण त्यांचे म्हणणे तत्त्वतः अगदी बरोबर होते. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर खेचतो, आणि एवढ्या भारावर मीटर लावला की तारेची खरी प्रकृती दिसते.

त्याहूनही उत्तम भार गाडीतच असतो, तो म्हणजे कॉईल. आमची कॉईल ३.२ ओहमची आहे, म्हणजे पॉइंट मिटलेले असताना ती साडेतीन-पावणेचार अँपिअर घेते, आणि मॉड्यूल बसल्यावर त्या तारेला याच भाराला तोंड द्यायचे असते. म्हणून मी आग्रहाने सांगेन की हे मोजमाप पॉइंट काढून टाकण्यापूर्वीच करावे. मॉड्यूल एकदा बसले की थांबलेल्या इंजिनात ते चालू अवस्थेत आहे की बंद, हे बाहेरून कळत नाही. पॉइंट मात्र डोळ्यांनी दिसतात. पंख्याच्या पट्ट्याने किंवा चौथ्या गिअरमध्ये गाडी ढकलून इंजिन हळूच फिरवावे, पॉइंट मिटले की किल्ली चालू करावी आणि मोजून लगेच बंद करावी. मिनिटापेक्षा जास्त काळ तशीच ठेवली तर कॉईल तापते आणि पॉइंटही डागाळतात.

मोजायचे कसे, यातही एक सोपा मार्ग आहे. दोन ठिकाणचे व्होल्टेज वेगवेगळे मोजून वजाबाकी करण्यापेक्षा मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर आणि दुसरे कॉईलच्या धन टोकावर ठेवावे. मीटर जो आकडा दाखवेल ती वाटेतली घट. ती अर्ध्या व्होल्टच्या आत असावी, असा माझा मापदंड आहे. आमच्या गाडीत ती दीड व्होल्ट निघाली. बॅटरी १२.४ आणि कॉईलला १०.९. कॉईलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे लक्षात घेतले तर चांगल्या वायरिंगच्या तुलनेत सुमारे एक पंचमांश ऊर्जा ठिणगीपर्यंत पोहोचतच नव्हती. पॉइंट काढून महागडे मॉड्यूल बसवले असते आणि ही घट तशीच राहिली असती, तर त्या खर्चाला फारसा अर्थ उरला नसता.

दीड व्होल्ट कुठे गळत होते, ते शोधायला मीटरचे बॅटरीकडचे टोक तसेच ठेवून दुसरे टोक एकेक पायरी मागे आणत गेले की पुरते. बॅटरी, स्टार्टरच्या सोलेनॉइडचा बोल्ट, तिथून तपकिरी तारेने कटआउट (चार्जिंग सांभाळणारी पेटी), कटआउटपासून किल्लीचा स्विच, आणि स्विचमधून पांढऱ्या तारेने बॉनेटखाली कॉईल, अशी ही वाट आहे. सर्वांत मोठा वाटेकरी मात्र या वाटेवर मुळात नसलेलाच निघाला. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, स्टिअरिंगच्या दांड्याआड, एक छोटा खटका लपवलेला होता. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून पूर्वी अनेक अँबॅसेडरमध्ये पांढरी तार तोडून असा चोर-स्विच बसवत असत. मध्येच लाल झालेली ती तार इथलीच. एकट्या या खटक्यावर ०.७ व्होल्ट घटत होते. त्या करंटला ०.७ व्होल्ट म्हणजे सुमारे अडीच वॅट उष्णता, आणि खरोखरच खटका बोटाला कोमट लागत होता. किल्लीच्या स्विचमध्ये ०.४ गेले, बॉनेटखालच्या बुलेट कनेक्टरमध्ये ०.२, आणि उरलेले तारांच्या लांबीत आणि इतर जोडांत विभागलेले होते.

चोर-स्विच मी काढून टाकला. आजच्या काळात कोणी अँबॅसेडर चोरून नेलीच, तर तिला पेट्रोल पाजण्याची शिक्षा त्याला पुरेशी आहे. किल्लीचा स्विच नवा घेतला, बुलेट कनेक्टर बदलले, सोलेनॉइडवरची थिंबले काढून बोल्ट घासून पुन्हा आवळली. त्यानंतरची घट ०.३ व्होल्ट आहे, आणि ४७ वर्षांच्या तांब्याकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

करंट येण्याच्या वाटेइतकीच जाण्याची वाटही महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही. मॉड्यूल डेल्कोच्या आतल्या फिरत्या प्लेटवर बसते आणि त्या प्लेटमधूनच अर्थ घेते. ठिणगीची वेळ पुढे-मागे करणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे ही प्लेट सतत थोडी हलत असते, म्हणून ती डेल्कोच्या अंगाला एका लहान लवचिक तारेने जोडलेली असते, आणि ही तार कापडी आवरणाच्या आत तुटलेली असली तरी बाहेरून शाबूत दिसते. ती तुटली की अर्थ कधी प्लेटच्या घर्षणातून मिळतो, कधी मिळत नाही, आणि गाडी एक्सलरेटर दाबला की झटके देते. बॅटरीचे ऋण टोक आणि डेल्कोची प्लेट यांच्यामधली घट, कॉईलचा करंट वाहत असताना, ०.२ व्होल्टच्या वर असेल तर ती तार बदलावी. इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थची पट्टी तर जुन्या गाडीत न मोजताही बदलावी, इतकी ती स्वस्त आहे.

तिसऱ्या कसोटीसाठी कॉईलच्या मधली जाड तार डेल्कोच्या टोपणातून काढून इंजिनच्या अंगाला पक्की टेकवावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही आणि उच्च दाबाला जायला वाटही राहील. मग मीटर कॉईलच्या धन टोकावर ठेवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे क्षणिक खंड त्याला दिसत नाही. किमान आकडा धरून ठेवण्याची सोय असलेला मीटर असेल तर उत्तम, नाहीतर काकांचा बल्ब इथे मीटरपेक्षा सरस ठरतो, कारण स्विच वळताना पुरवठा तुटला तर तो डोळ्यांदेखत मिचकावतो. आमच्या गाडीत सेल्फ मारताना बॅटरी १०.१वर उतरते आणि कॉईलला ९.७ मिळतात. बाजारातल्या काही स्वस्त स्विचमध्ये इग्निशनची आणि स्टार्टरची स्थिती यांच्यामध्ये पुरवठा क्षणभर सुटतो, म्हणून नव्या स्विचचीही ही परीक्षा घ्यावीच.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा या हिशेबाशी थेट संबंध आहे. तांब्याचा रोध दर अंशाला जवळपास ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांना ३.२ ओहम असलेली कॉईल ८० अंशांना चार ओहमच्या उंबरठ्यावर येते. मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असताना, अक्कलकोट रस्त्यावर तासभर चालवून थांबलेल्या गाडीच्या बॉनेटखाली कॉईलचे ८० अंश होणे फारसे नवलाचे नाही. तापलेली कॉईल मुळातच कमी करंट घेते. त्यात वायरिंगने दीड व्होल्ट गिळले की दुपारी गरम इंजिन पुन्हा सुरू व्हायला जी कुरकुर करते, तिचे खापर आपण पेट्रोलच्या वाफेवर फोडतो.

रिलेचा, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचचा, सल्ला मला अनेकांनी दिला. सल्ला असा की बॅटरीपासून वेगळ्या फ्यूजसह जाड तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला आणावी, ८७मधून कॉईल आणि मॉड्यूलला पुरवठा द्यावा, आणि जुन्या पांढऱ्या तारेने फक्त रिलेचे ८६ टोक जिवंत करावे, ८५ अर्थ करावे. असे केले की किल्लीच्या स्विचवरचा भार नाहीसा होतो आणि कॉईलला बॅटरीइतके व्होल्टेज मिळते. यात तांत्रिक चूक काहीच नाही. तरीही मी रिले बसवला नाही, कारण वाटेतली घट ०.३वर आल्यावर रिले मला आणखी पाव व्होल्ट देणार, आणि त्याच्या बदल्यात इंजिन बंद पाडू शकणारी आणखी एक वस्तू गाडीत येणार. खराब जोड तसेच ठेवून वरून रिले बसवणे मला पटत नाही. ज्या स्विचवर रिले चालणार तो स्विचच मरणपंथाला लागलेला असेल, तर रिले त्याला किती दिवस वाचवणार?

शिवाय अल्टरनेटरऐवजी जुना डायनॅमो असलेल्या गाडीत रिलेचा एक विचित्र परिणाम दिसू शकतो. होटगी रस्त्यावरच्या माझ्या एका स्नेह्यांच्या अँबॅसेडरला रिले बसवल्यावर तिने किल्ली काढूनही बंद व्हायला नकार दिला. चार्जिंगचा लाल दिवा किल्लीची पांढरी तार आणि कटआउटचे डी टोक यांच्यामध्ये असतो. इंजिन फिरत असताना डी टोकावर डायनॅमोचे व्होल्टेज असते; किल्ली बंद केली की ते व्होल्टेज दिव्यातून उलट्या दिशेने पांढऱ्या तारेवर येते. पूर्वी त्या तारेवर कॉईलचा तीन ओहमचा भार होता, त्यामुळे दिव्यातून झिरपणारा तो जेमतेम करंट त्यात विरून जाई आणि इंजिन थांबे. रिले आल्यावर कॉईल त्या तारेवरून निघून गेली आणि उरले फक्त रिलेचे वेटोळे, ज्याला एकदा मिटलेले राहायला फारच थोडे व्होल्टेज पुरते. दिव्यापासून डी टोकाकडे जाणाऱ्या तारेत १एन४००७ हा रुपया-दोन रुपयांचा डायोड, पट्टा असलेली बाजू कटआउटकडे ठेवून, जोडला आणि गाडी मुकाट बंद होऊ लागली. दिवा पूर्वीसारखाच लागतो. डायोडची ही दिशा ऋण अर्थ असलेल्या गाडीसाठी आहे.

ज्या गाडीत बॅलास्ट रेझिस्टर आहे, तिथे लाल तार कॉईलच्या धन टोकाला जोडू नये. किल्लीच्या बाजूला, रेझिस्टरच्या अलीकडे जोडावी, नाहीतर मॉड्यूलला सात-आठ व्होल्टवर भागवावे लागते. काही गाड्यांत रेझिस्टर वेगळा दिसत नाही, रोध असलेली तारच वायरिंगच्या गुंडाळीत लपवलेली असते. भारावर घट मोजताना ती एकदम चार-पाच व्होल्टची आली, तर दोष शोधत बसण्याआधी ही शक्यता पाहावी. पद्मिनीवाल्यांना रंगांऐवजी आकड्यांचा आधार आहे: फियाटच्या वंशातल्या स्विचवर ३० म्हणजे बॅटरी, ५० म्हणजे स्टार्टर आणि १५ किंवा १५/५४ म्हणजे किल्लीचा करंट. हवे ते हेच टोक.

प्रत्यक्ष जोडणीत सांगण्यासारखे थोडेच आहे. लाल तारेला गोल थिंबल दाबयंत्राने दाबून कॉईलच्या धन टोकावर पांढऱ्या तारेसोबत बसवले. तार पिळून त्यावर टेप गुंडाळण्याची आपल्याकडची पद्धत या तारेपुरती तरी सोडून द्यावी, कारण सोलापूरच्या उन्हात त्या टेपचा चिकटा एका उन्हाळ्यात वितळून जातो. डेल्कोच्या आत मॉड्यूलच्या दोन्ही तारांना इतकी सैल जागा ठेवली की प्लेट पूर्ण फिरली तरी त्या ताणल्या जात नाहीत आणि रोटरलाही लागत नाहीत. ठिणगीच्या जाड तारा नुसत्या तांब्याच्या होत्या, त्या बदलून रोध असलेल्या घेतल्या. तांब्याच्या तारांतून उठणारा विद्युत गोंगाट मॉड्यूलला भुलवू शकतो. जुने पॉइंट, कंडेन्सर आणि ०.४ मिलीमीटरची फीलर पट्टी डिकीत आहेत, आणि मूळ तारा कुठेही कापलेल्या नसल्यामुळे रस्त्यावर पाव तासात गाडी पुन्हा पॉइंटवर आणता येते.

बसवून झाल्यावर मी कॉईलच्या धन टोकावरून एक पातळ तार, तिच्यात छोटा फ्यूज घालून, गाडीच्या आत आणली आणि मीटर सीटवर ठेवून तुळजापूरला जाऊन आलो. धावत्या गाडीत आकडा १३.५च्या आसपास राहिला आणि घाटातही हलला नाही. सर्वांत कमी आकडा मिळाला तो परतताना, रात्री सात रस्त्याच्या सिग्नलला, हेडलाइट लागलेले आणि इंजिन मंद चालत असताना. मंद फेऱ्यांवर डायनॅमो चार्ज करत नाही, लाल दिवा मिणमिणत असतो आणि सगळा भार बॅटरीवर येतो. तेव्हा मीटरवर ११.७ होते. मॉड्यूलच्या पत्रकातल्या किमान मर्यादेपेक्षा ते पुष्कळ वर आहे, इंजिन त्या स्थितीतही एकसारखे चालत होते, आणि म्हणून रिलेचा विषय माझ्यापुरता तिथे संपला. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवावा का, हा प्रश्न मात्र त्याच सिग्नलला सुरू झाला आहे.